दुखणं दाढेचं, चौकशी झोपेची

धायरीत राहणारे ४६ वर्षांचे एक गृहस्थ खालची डावी दाढ काढून घ्यायला माझ्याकडे आले. व्यवसाय चालकाचा. कंपनीची स्टाफ बस चालवतात. नवले पुलापाशी हायवेला लागायचं, चांदणी चौक, वाकड, मग नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात गाडी पहाटे साडेचारला काढावी लागते. दाढ तीनेक महिने त्रास देत होती. ठणका नव्हता, सूज नव्हती, दुखून रात्री जाग येत नव्हती. भाकरी चावताना मध्येच एखादी कळ यायची, कानापर्यंत जायची आणि लगेच ओसरायची. दोनदा गोळ्यांचे कोर्स झाले होते. “मॅडम, काढून टाका, एकदाचं मिटवा,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दाढ काढावी लागली नाही. पण या प्रकरणात दाढ हा सर्वांत सोपा भाग होता. दात खाण्याची सवय दिसली, की माप घ्यायचं, नाईट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं आवरण, करून द्यायचा आणि रुग्णाला मोकळं करायचं, अशी आमच्या व्यवसायात एक रीत पडून गेली आहे. बहुतेक रुग्णांचं त्यात भलंही होतं. या रुग्णाला मात्र पहिल्याच आठवड्यात गार्ड मिळाला असता, तर दात सुरक्षित झाले असते आणि माणूस धोक्यातच राहिला असता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्यासाठी त्यांची आणि त्यांच्या पत्नीची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दाढेची चीर

एक्स-रेत काही नव्हतं. मुळं, हाड सगळं ठीक होतं. दाढेत जुनी चांदी भरलेली होती, तिच्या कडेलाही कीड नव्हती. थंड लावल्यावर झिणझिणी आली आणि काही सेकंदांत गेली. म्हणजे आतली नस जिवंत होती आणि बऱ्या स्थितीत होती.

अशा वेळी मी दाढेच्या एकेका टोकावर प्लॅस्टिकची छोटी पाचर ठेवून चावायला सांगते. पहिली तीन टोकं शांत होती. चौथ्यावर त्यांनी चावलं तेव्हाही काही झालं नाही, पण दाब सोडला त्या क्षणी ते खुर्चीत उडाले. चावताना नाही, चावलेलं सोडताना कळ, ही चिरलेल्या दाढेची खूण. दाबाखाली चीर उघडते आणि दाब सुटताच तिचे दोन्ही काठ एकमेकांवर येतात. मग बाजूनं बारीक तीव्र प्रकाश टाकला. अखंड दाढेत तो आरपार पसरतो. इथे अर्धी दाढ उजळली आणि एका रेषेपाशी उजेड थांबला, पलीकडची बाजू काळोखी राहिली. ही रेषा पुढून मागे जात होती. एक्स-रेची किरणं गालाच्या बाजूनं आडवी जातात, त्यामुळे अशी चीर फिल्मवर सहसा उमटत नाही आणि रुग्ण महिनोन्‌महिने गोळ्या खात राहतो.

चांदी काढल्यावर तळाशी तपकिरी रेघ स्पष्ट दिसली. दाढेला चहूबाजूंनी धरून ठेवणारी तात्पुरती कॅप बसवली. त्या रात्री त्यांनी डाव्या बाजूनं भाकरी खाल्ली. काही आठवडे नस शांत राहते का ते पाहून नंतर कायमची कॅप केली, रूट कॅनॉलची गरज पडली नाही.

पण धडधाकट दाढ भाकरीनं चिरत नाही. जुन्या मोठ्या भरावानं ती कमकुवत झाली होती हे खरं, तरी तिच्यावर रोजच्या चावण्यापलीकडचा भार कुठून तरी येत होता.

तोंडात आणखी काय होतं

वरच्या आणि खालच्या सुळ्यांची टोकं सपाट झाली होती, विशेषतः उजव्या बाजूला. सपाट, चकचकीत आणि धारदार कडांची. मी त्यांना खालचा जबडा उजवीकडे सरकवायला सांगितला. बराच सरकवल्यावर एका ठिकाणी खालच्या सुळ्याचा झिजलेला भाग वरच्या सुळ्याच्या झिजलेल्या भागावर तंतोतंत बसला, मध्ये कागद जायला फट राहिली नाही. हातात आरसा देऊन त्यांना ते दाखवलं. या स्थितीत कोणी अन्न चावत नाही. जबडा इतका आडवा नेऊन दात घासले जातात ते झोपेतच.

झीज पाहताना घाई करू नये असं मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगते. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्यांचे दात वेगळे झिजतात. तिथे घासण्याचे वळ दातांच्या बाहेरच्या बाजूला आणि हिरडीजवळ असतात. आम्लपित्तानं झिजलेल्या दाढांच्या टोकांवर वाटीसारखे खळगे पडतात आणि भरलेलं सिमेंट किंवा चांदी उंच राहून बेटासारखी दिसते, कारण आम्ल दात विरघळवतं, चांदी नाही. दातावर दात घासला, तर चांदी आणि दात दोन्ही एका पातळीत झिजतात. या गृहस्थांच्या सुळ्यांवर घर्षणाची झीज होती आणि मागच्या दोन दाढांवर खळगेही होते. विचारल्यावर कळलं, की रात्री उशिरा जेवून लगेच पाठ टेकायची सवय आहे आणि पहाटे घशाशी आंबट येतं. ही नोंद पुढे उपयोगी पडली.

गालांच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी कड उठलेली, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, गालातला मॅसेटर स्नायू दोन्हीकडे जाड आणि दाबल्यावर दुखरा. कानशिलं सकाळी जड असतात, अकराच्या सुमारास आपोआप हलकी होतात. तोंड व्यवस्थित उघडत होतं आणि सांध्यात आवाज नव्हता. खालच्या ओठाच्या आत तंबाखू-चुन्याची गोळी ठेवण्याच्या जागी त्वचा सुरकुतलेली होती. तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं आणि तंबाखूबद्दल त्याच दिवशी स्पष्ट बोलले.

पत्नी बरोबर आल्या होत्या. घरून जेवणाचे डबे देण्याचं काम करतात. इतका वेळ गप्प होत्या, झोपेचा विषय निघाल्यावर म्हणाल्या, “हे रात्री दात खातात, मॅडम. अडकित्त्यानं सुपारी कातरल्यासारखा आवाज येतो. सासूबाई म्हणाल्या जंत झालेत, म्हणून मी गोळीपण दिली.”

जंतांची समजूत घराघरांत आहे. लहान मुलं दात खातात, लहान मुलांना जंतही होतात, म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. मुलांमधलं दात खाणं वाढत्या वयाबरोबर बहुतेकदा आपोआप कमी होतं आणि श्रेय गोळीला जातं. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत झोपेत दात खाणाऱ्या प्रौढांचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास होतं, साठीपुढच्यांत ते ३ टक्क्यांवर आलेलं होतं. म्हणजे हा काही विरळा प्रकार नाही.

भाच्यानं ऑनलाइन मागवून दिलेला मऊ गार्डही त्यांनी पिशवीतून आणला होता. गरम पाण्यात बुडवून तोंडात दाबायचा तो प्रकार. दाढांच्या जागी त्याला आरपार भोकं पडली होती. मऊ वस्तू तोंडात आली की काही जणांचे स्नायू ती चावायलाच लागतात, हे या क्षेत्रात बऱ्याच काळापासून माहीत आहे.

झोपेत जबडा का चालतो

इथे थोडं मागे जावं लागेल. १९६१ साली मिशिगन विद्यापीठाच्या सिगर्ड रॅमफ्योर्ड यांनी मांडलं, की वरचे-खालचे दात नीट न जुळल्यामुळे माणूस दात खातो. पुढे कित्येक वर्षं दातांची उंच टोकं घासून ‘बाइट’ जुळवणं हाच उपचार मानला गेला. तो विचार नंतर टिकला नाही. झोपेच्या प्रयोगशाळांमध्ये मेंदू, हृदय आणि जबड्याचे स्नायू यांची एकाच वेळी नोंद सुरू झाली, तेव्हा सुरुवात दातांपासून होत नाही हे उघड झालं. आजही कुणी दात खाण्यावर इलाज म्हणून निरोगी दात घासून कमी करायला सुचवलं, तर मी रुग्णाला थांबायला सांगते. घासलेला दात परत येत नाही.

माँट्रियलचे जिल लाविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा क्रम बारकाईनं टिपला. झोपेत मधूनमधून मेंदू काही सेकंदांपुरता जागेपणाकडे सरकतो. आपल्याला त्याची आठवण राहत नाही. त्याआधीच शरीराची ताण-यंत्रणा वर आलेली असते, मग मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात, हनुवटीखालचे स्नायू हलतात आणि सर्वांत शेवटी जबडा आवळणारे स्नायू साधारण सेकंदाला एक या लयीत चालू लागतात. दातांचा आवाज हा या साखळीचा शेवटचा दुवा आहे. असं लयबद्ध हलणं दात न खाणाऱ्या सुमारे ६० टक्के लोकांतही आढळतं. दात खाणाऱ्यांत ते जास्त वेळा आणि जास्त जोरात होतं.

म्हणूनच ॲम्स्टरडॅमच्या फ्रँक लोबेझू आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१८ साली एकमतानं मांडलं, की अन्यथा निरोगी माणसात दात खाणं किंवा जबडा आवळणं हा स्वतः आजार मानू नये. ती स्नायूंची एक क्रिया आहे. तिच्यामुळे दातांचं नुकसान होऊ शकतं, काही वेळा ती निरुपद्रवी असते आणि काही वेळा शरीर एखाद्या अडचणीला देत असलेला प्रतिसाद असू शकते. झोपेतलं दात खाणं आणि जागेपणी जबडा आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी धरायच्या, हेही त्यांनी ठामपणे सांगितलं.

अडचण कोणती, ते मग विचारत जावं लागतं. चिंता आणि ताण. सिगारेट, तंबाखू, दारू, दिवसभराचा चहा-कॉफी. नैराश्यावरची काही औषधं, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन. (ती सुरू असतील, तर दात खाण्याबद्दल लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं, गोळी परस्पर बंद करू नये.) आम्लपित्त. आणि झोपेत श्वास अडखळणं.

बीपीची गोळी सोडली तर या गृहस्थांना कुठलंही औषध नव्हतं. मी पत्नींना विचारलं, “घोरतात का?” त्या हसल्या. “शेजारच्या खोलीत पोरगी कानात हेडफोन घालून अभ्यास करते.” घोरताना मध्येच शांत होतात का, या प्रश्नावर मात्र त्यांचं हसू गेलं. “होतात. एकदम गप्प. मी हलवते मग. मग मोठा श्वास घेतात, आणि बऱ्याचदा त्यानंतरच दात.”

प्रत्येकात श्वास आणि दात यांचा असा क्रम लागतो असं नाही. श्वास अडखळणारे सगळेच दात खात नाहीत, आणि दात खाणाऱ्या सगळ्यांना श्वासाचा त्रास नसतो. पण पत्नींच्या वर्णनानंतर मला गार्डचं माप घेण्याची घाई वाटेना. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची साधी चाचणी आहे: घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहणं, रक्तदाब, स्थूलता, वय, मानेचा घेर, पुरुष असणं. पाच किंवा त्याहून जास्त उत्तरं ‘हो’ आली, की धोका मोठा समजतात. घोरणं, थांबणारा श्वास, बीपी, ४४ सेंटिमीटरची मान आणि पुरुष, असे पाच तिथेच झाले. वजन जास्त होतं, पण चाचणीच्या मर्यादेत बसत नव्हतं. दिवसा थकवा वाटतो का, याला त्यांनी ठामपणे नाही म्हटलं. “ड्रायव्हरला झोप येऊन चालतंय का मॅडम?”

छातीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. ती त्यांनी खिशात ठेवली, पण जाणार नाहीत हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

टिकली

त्याच भेटीत दिवसाचा विषय काढला. दात दिवसा आवळले जातात का, असं विचारलं तर जवळजवळ प्रत्येक जण नाही म्हणतो, आणि खोटं बोलत नाही. त्याला ते ठाऊकच नसतं. म्हणून मी प्रश्न बदलते. “आत्ता, या क्षणी, तुमचे दात एकमेकांना टेकले आहेत का?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “टेकलेत की. टेकलेलेच असतात ना?”

नसतात. ओठ मिटलेले असले तरी आरामात असताना वरच्या-खालच्या दातांत दोन-चार मिलिमीटरची फट असते. चावताना आणि गिळताना मिळून चोवीस तासांत दात प्रत्यक्ष टेकतात ते वीसेक मिनिटं. दात दिवसभर टेकवून ठेवणाऱ्याचे स्नायू त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ कामावर असतात. त्यासाठी दात कराकरा वाजावे लागत नाहीत. हलका, न जाणवणारा दाबसुद्धा संध्याकाळपर्यंत गाल थकवतो.

सुटका करायची रीत सोपी आहे. ‘न’ म्हणायचं आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्यायची. ओठ मिटायचे, दात सुटे ठेवायचे, खांदे सैल सोडायचे. अवघड असतं ते आठवण राहणं. मोबाइलवर गजर लावता येतो, पण गाडी चालवणाऱ्याला मोबाइल देणं मला पटेना. तेव्हा पत्नींनी पर्समधून लाल टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक टिकली यजमानांच्या हातावर लावली. “ही लावा गाडीत.”

मीटरच्या कडेला, नजर जाते अशा ठिकाणी टिकली लावायची. ती दिसली की दात तपासायचे, आवळलेले असले तर सोडायचे. गाडी उभी केल्यावर डिझेलच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचं: कुठे, किती वाजता, दात कसे होते. चालू गाडीत काहीही लिहायचं नाही. माझा अंदाज होता की चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी, भोसरीचे सिग्नल आणि उशीर झाला की कंपनीच्या गेटवरची बोलणी, यांतून आवळणं येत असणार.

पुढच्या भेटीला ते वही घेऊन आले. ती पानं मी पुन्हा पुन्हा पाहिली. तळेगाव चौक: “सुटे”. मोशी: “सुटे”. कंपनीचं गेट: “थोडे”. आणि पहाटेच्या शिफ्टच्या आठवड्यात रोज, एकाच पट्ट्यात: “चांदणी चौक ते वाकड, पाच वाजता, घट्ट”. “लई घट्ट”. “घट्ट, तंबाखू लावली”.

“कोंडीत तर मी पोरांशी बोलत असतो मॅडम,” ते म्हणाले. “पहाटे रस्ता मोकळा असतो, गाडीत सगळे झोपलेले. तिथं टिकली दिसली की दात आवळलेलेच सापडतात.” थोडा वेळ थांबले आणि खाली बघत म्हणाले, “झोप येऊ नये म्हणून आवळत असणार मी. तंबाखूपण त्याच्यासाठीच आहे. एकदा बावधनच्या पुढं डोळा लागला होता, क्षणभर. घरी नाही सांगितलं.”

पत्नी शेजारीच बसल्या होत्या.

दिवसा थकवा वाटतो का, या प्रश्नाला मागच्या वेळी मिळालेलं ‘नाही’ आता ‘हो’ झालं. ताण हे जागेपणीच्या आवळण्याचं नेहमीचं कारण आहे आणि बहुतेक रुग्णांत वही ताणाकडेच बोट दाखवते. इथे तिनं झोपेकडे दाखवलं. जबडा आवळणं आणि तंबाखू, दोन्ही त्या माणसाची जागं राहण्याची धडपड होती. अशा माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून पाठवणं किती निरर्थक ठरलं असतं!

रात्रीची तपासणी

छातीच्या डॉक्टरांना मी दवाखान्यातूनच फोन लावला आणि त्याच आठवड्याची वेळ घेतली. पहाटेची गाडी तोवर चालवू नका, असं स्पष्ट सांगितलं. त्यांची अडचण खरी होती. “कंपनीला कळलं तर स्टिअरिंगवरून उतरवतील. पोरीची फी भरायची आहे.” पत्नी म्हणाल्या, “फीचं मी बघते. डबे वाढवीन. तुम्ही आधी तपासून घ्या.” मला वाटतं, त्या दिवशी चिठ्ठीनं नाही, त्या वाक्यानं काम केलं.

घरी झोपून करायची तपासणी झाली. तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत होता आणि रक्तातला ऑक्सिजन सर्वांत खाली ७९ टक्क्यांपर्यंत गेला होता. तासाला तीसच्या पुढे गेलं, की श्वासरोध तीव्र समजतात. पहाटे चाकणला निघणारा माणूस तीन-चार तासांच्या झोपेत शंभरच्या वर वेळा अडखळत होता.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. घरच्या तपासणीत जबड्याच्या स्नायूंची नोंद नव्हती. झोपेतलं दात खाणं निश्चित म्हणायचं तर स्नायूंची नोंद लागते, शक्यतो आवाज आणि चित्रीकरणासह, प्रयोगशाळेत. घरच्यांचं सांगणं आणि तोंडातल्या खुणा एवढ्यावर निदान ‘संभाव्य’ या पायरीवर राहतं. उपचार ठरवायला आम्हाला तेवढं पुरेसं होतं आणि प्रयोगशाळेतल्या रात्रीचा खर्च त्यांच्यावर टाकण्याचं कारण नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांनी सीपॅप सुचवलं. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घशाची वाट उघडी ठेवणारं हे यंत्र. ते अंगवळणी पडेपर्यंत गाडी चालवायची नाही, असंही त्यांनी लिहून दिलं. भीती होती तसं झालं नाही. सुपरवायझरनं त्यांना काही आठवडे गाड्यांच्या देखभालीवर ठेवलं आणि परत घेतलं ते दिवसाच्या शिफ्टवर. यंत्राची किंमत महिन्याच्या पगाराहून जास्त होती, हप्त्यांवर घेतलं.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. घसा कोरडा पडायचा, मास्क सुटायचा, मध्यरात्री ते तो काढून ठेवायचे. दाब कमी-जास्त करून आणि हवेत ओलावा देणारं भांडं जोडून प्रकरण मार्गी लागलं. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि त्यानंतर निदान दोन तास आडवं व्हायचं नाही, हे पित्तासाठी. शनिवारची दारू बंद. ती घशाचे स्नायू ढिले करते आणि श्वासरोध वाढवते.

गार्ड आधी का दिला नाही

वरच्या दातांवर बसणाऱ्या नेहमीच्या गार्डनं तोंडातली जागा थोडी व्यापली जाते आणि खालचा जबडा किंचित मागे-खाली फिरू शकतो. माँट्रियलच्याच गटानं २००४ साली दहा रुग्णांवर केलेल्या छोट्या अभ्यासात अशा गार्डनं काही जणांचा श्वासरोध वाढल्याचं दिसलं होतं. एवढ्यावरून गार्ड वाईट ठरत नाही. पण घोरणाऱ्या, बीपी असलेल्या, जाड मानेच्या रुग्णाला श्वासाची चौकशी न करता गार्ड देणं मला चुकीचं वाटतं. सौम्य श्वासरोध असता किंवा मास्क सहनच झाला नसता, तर खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण हा पर्याय होता; त्यानं काही रुग्णांत दात खाणंही कमी होतं.

बोटॉक्सबद्दल त्यांनीच विचारलं, कुठेतरी जाहिरात पाहिली होती. मॅसेटरमध्ये इंजेक्शन दिलं की स्नायूचा जोर काही महिने कमी होतो. मेंदूतून येणारी साखळी चालूच राहते, आणि श्वासाला तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. इतर काही रुग्णांत मी त्याचा विचार करते. इथे नाही केला.

सीपॅप नियमित सुरू झाल्यावर कठीण पारदर्शक ॲक्रिलिकचा गार्ड केला. जाडी दाढांपाशी दोन मिलिमीटर. खालचे सगळे दात त्यावर एकाच वेळी आणि सारखे टेकतील असा तो निळ्या कागदानं तपासत घासून घ्यावा लागतो. या कामाला तास-दीड तास जातो आणि तो द्यायलाच हवा, कारण एकाच दाढेवर टेकणारा गार्ड नवं दुखणं देतो. गार्डनं सवय मोडत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. दाताऐवजी ॲक्रिलिक झिजतं आणि भार विभागला जातो, एवढंच त्याचं काम.

सहा महिन्यांनंतर

सकाळचं कानशिलांचं जडपण सीपॅपच्या पहिल्या महिन्यातच गेलं, गार्ड हातात येण्याआधी. म्हणजे ती डोकेदुखी निदान काही अंशी श्वासाची होती, आणि ‘जबड्याची डोकेदुखी’ म्हणून मी ती गार्डच्या खात्यावर जमा करणार नाही. पत्नींच्या म्हणण्याप्रमाणे आवाज बराच कमी झाला आहे, पण मास्क काढून ठेवलेल्या रात्री तो ऐकू येतो.

गार्ड मात्र कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो. तीन महिन्यांनी तो कोरडा करून दिव्याखाली धरला, तर उजव्या सुळ्याच्या जागी दोन-तीन बारीक, तिरक्या, चकाकणाऱ्या रेघा होत्या. डावी बाजू जवळजवळ स्वच्छ. सहा महिन्यांनी त्याच रेघा किंचित लांब झाल्या होत्या, खोल नव्हत्या. दात खाणं थांबलेलं नाही, आटोक्यात आलं आहे.

दाढेची कॅप शाबूत आहे आणि दोन्ही बाजूंनी जेवण चालू आहे. मॅसेटर दाबला तर पूर्वीसारखा दुखत नाही. बीपीची गोळी तीच आहे, पण आकडे सुधारले आहेत असं त्यांच्या डॉक्टरांनी कळवलं. टिकली गाडीत आहे, पण वही बंद झाली. दात आवळले की आता आपोआप कळतं, असं ते सांगतात. तंबाखू निम्म्यावर आली आहे, सुटलेली नाही. पहाटेची झोप गेल्यावर ती ठेवण्याचं एक कारण कमी झालं, पण वीस वर्षांची सवय तेवढ्यानं जात नाही. ओठाच्या आतल्या सुरकुत्या दर भेटीत पाहते, फोटो काढून ठेवते.

सुळ्यांची झिजलेली टोकं अजून भरलेली नाहीत. त्यांना ती दिवाळीच्या आत हवी आहेत, मुलीच्या कॉलेजातल्या कार्यक्रमात फोटो निघणार आहेत. मी गार्डवरच्या रेघा आणखी एकदा पाहून ठरवणार आहे. रेघा वाढल्या नसतील तर दोन्ही सुळे एकाच बैठकीत होतील. वाढल्या असतील, तर आधी सीपॅपची रात्रीच्या वापराची नोंद मागवून घेईन.